माथा आणि पायथा : बीदरचे पठार व मांजरेचे खोरे यांच्या मोजणीची कथा

(ग्रामस्थ, शिक्षक आणि महसूल कर्मचारी यांच्या संयुक्त सभेपुढील व्याख्यानाचा मजकूर)



नकाशा म्हटले की शिक्षकांच्या डोळ्यांपुढे वर्गाच्या भिंतीवर टांगलेला रंगीत पट येतो आणि शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे तलाठ्याच्या दप्तरातील गावनकाशा. पहिल्यात आपले गाव दिसत नाही आणि दुसऱ्यात आपल्या गावाखेरीज काही दिसत नाही. या दोहोंच्या मधला एक तिसरा नकाशा आहे. त्यात डोंगर किती उंच, उतार कोणीकडे, ओढा कोठून निघतो, वाट कोणत्या खिंडीतून जाते, हे सारे मापाने काढलेले असते. त्याला स्थलनिर्देशक नकाशा म्हणतात. सरकारी कचेऱ्यांत तो टोपोशीट या नावाने ओळखला जातो. आजच्या व्याख्यानाचा विषय हा नकाशा आपल्या मुलखात कसा तयार झाला, हा आहे.

विषय मोठा आहे. म्हणून येथे एकच प्रदेश घेतला आहे. तो म्हणजे बीदरचे पठार आणि त्याला वळसा घालून जाणाऱ्या मांजरा नदीचे खोरे. मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, आग्नेयेकडे वाहत धाराशिव, लातूर व बीदर या जिल्ह्यांतून पुढे तेलंगणात शिरते, तेथे उत्तरेकडे वळते आणि निजामाबाद जिल्ह्यात कंदकुर्ती येथे गोदावरीस मिळते. या खोऱ्यात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा शतकानुशतके एका बाजारात बोलल्या जात आहेत. सपाट माथ्याचे पठार, त्याची एकदम तुटलेली कड आणि खाली काळ्या जमिनीचे रुंद खोरे, अशी या प्रदेशाची घडण आहे. अशा भूमीची मोजणी कशी झाली हे समजले म्हणजे दख्खनच्या इतर भागांची मोजणीही सहज समजते.

यंत्रापूर्वीची मोजणी

इंग्रजी यंत्रे येण्यापूर्वी या देशात मोजणी नव्हती, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो बरोबर नाही. शिवकाळात पाच हात पाच मुठींची काठी धरून जमीन मोजली जात असे. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद असा एक बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर, हे कोष्टक जुन्या कागदांत वारंवार येते. त्याआधी निजामशाहीत मलिक अंबराने जमाबंदीची घडी बसविली होती, आणि सतराव्या शतकाच्या मध्यास मोगलांचा दख्खनचा दिवाण मुर्शिद कुली खान याने जमिनी मोजून सारा ठरविण्याची पद्धत या भागात आणली.

मात्र या मोजणीचा हेतू क्षेत्रफळ काढून सारा ठरविणे हा होता. गावाची हद्द मापाने सांगण्याऐवजी खुणांनी सांगितली जाई. पूर्वेस अमुक ओढा, दक्षिणेस तमुक वडाचे झाड, पश्चिमेस मोठा खडक, उत्तरेस गाडीवाट, अशी चतुःसीमा महजरात लिहिली जाई. शिवेविषयी तंटा उपस्थित झाल्यास गोतसभा बसे आणि वृद्ध जाणत्या माणसांना शिवेवरून चालावयास लावून निर्णय केला जाई. पेशवेकाळातील मोडी लिपीतले काही नकाशेही उपलब्ध आहेत. त्यांत डोंगर उभे चितारलेले असतात, नद्या जाड पट्ट्यांनी दाखविलेल्या असतात आणि महत्त्वाचे ठिकाण मोठे काढलेले असते. वाट चुकू नये एवढ्यापुरते ते उपयुक्त होते. परंतु त्यांवरून अंतर किंवा उंची मोजता येत नाही.

उंचीचे ज्ञान लोकांना नव्हते असे मात्र नाही. त्याचा सर्वांत मोठा पुरावा बीदर शहराजवळच आहे. बहमनी सुलतान अहमदशहा वली (राज्यकाल १४२२–३६) याने राजधानी बीदरला आणली. त्या शतकात येथे करेझ खोदण्यात आले. करेझ म्हणजे जमिनीखालून अत्यंत मंद उताराने नेलेला बोगदा. वर ठिकठिकाणी हवा-उजेडासाठी व गाळ काढण्यासाठी विहिरीसारखी उभी तोंडे. उतार किंचित जास्त झाला तर पाणी बोगदा खरवडून टाकील आणि किंचित कमी झाला तर ते साचून राहील. असा उतार जमिनीखाली साधणाऱ्या कारागिरांना पाणसळ आणि ओळंबा यांचे शास्त्र पूर्ण अवगत असले पाहिजे. त्यांनी नकाशा मागे ठेवला नाही; काम मात्र मागे ठेवले.

करेझ येथेच का जमले, याचे उत्तर पठाराच्या पोटात आहे. बीदरच्या पठाराचा माथा जांभ्या दगडाचा असून त्याच्याखाली काळा पाषाण आहे. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी त्यात मुरते, खालच्या चिकण थरापाशी व काळ्या पाषाणापाशी अडते आणि पठाराच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. झरणी नरसिंहाचे गुहेतील जल आणि गुरु नानक झिऱ्याचा झरा ही त्याचीच प्रसिद्ध उदाहरणे होत. गोव्यातील वाचकांना जांभ्याचे सडे व त्यांच्या पायथ्याचे झरे परिचित असल्यामुळे ही गोष्ट निराळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. माथ्यावर पडलेल्या पाण्याचा पायथ्याशी संबंध असतो, हे सूत्र श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

त्रिकोणांची साखळी

श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या लढाईत भाग घेतलेला विल्यम लॅम्ब्टन हा इंग्रज अधिकारी गणिताचा मोठा व्यासंगी होता. द्वीपकल्पाचा अचूक नकाशा काढावयाचा तर आधी काही ठिकाणे गणिताने पक्की केली पाहिजेत, अशी त्याची योजना होती. १८०२ च्या एप्रिलमध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माऊंटच्या पायथ्याशी त्याने पहिली आधाररेषा मोजण्यास प्रारंभ केला.

या कामाचे तत्त्व शाळेतील मुलांनाही समजण्यासारखे आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन टोकांवरील कोन माहीत असले, तर उरलेल्या दोन बाजू न मोजताही गणिताने काढता येतात. म्हणून सपाट जागेवर काही मैलांची एक रेषा अतिशय काळजीपूर्वक मोजावयाची. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीवरील निशाणाचे कोन घ्यावयाचे. त्या टेकडीची जागा निश्चित झाली की तिच्या आधाराने पुढची टेकडी. अशी त्रिकोणास त्रिकोण जोडीत साखळी पुढे न्यावयाची. मधून मधून पुन्हा एखादी रेषा प्रत्यक्ष मोजून गणित पडताळून पाहावयाचे.

लॅम्ब्टनजवळची पोलादी साखळी शंभर फूट लांबीची, अडीच फुटांच्या चाळीस कड्यांची होती. ही साखळी मूळची चीनच्या बादशहाला नजर करण्यासाठी पूर्वेकडे आणलेल्या उपकरणांपैकी होती. ती फिरत फिरत हिंदुस्थानात आली. उन्हाने पोलाद लांबते व गारव्याने आखडते. म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवून, वर तंबूची सावली धरून आणि शेजारी उष्णतामापक ठेवून मोजणी केली जाई. कोन मोजण्याचे मोठे यंत्र, म्हणजे थिओडोलाइट, सुमारे अर्ध्या टनाचे होते. ते टेकड्यांच्या माथ्यांवर माणसांनी खांद्यावरून चढविले. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढविताना ते आपटून त्याचे वर्तुळ वाकले आणि लॅम्ब्टनने स्वतः कित्येक आठवडे खपून ते पुन्हा कामास योग्य केले.

उत्तरेकडे येत येत ही साखळी १८१५ मध्ये बीदरच्या परिसरात पोहोचली. तेथे दामरगिद्दा या ठाण्याजवळ नवी आधाररेषा मोजण्यात आली. तेव्हापासून बीदर हे नाव जगाच्या भूमापनशास्त्राच्या ग्रंथांत दाखल झाले. १ जानेवारी १८१८ रोजी या कामास महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण असे नाव मिळाले आणि त्याच वर्षी जॉर्ज एव्हरेस्ट हा तरुण अधिकारी हैदराबादेस लॅम्ब्टनच्या हाताखाली दाखल झाला. हेन्री व्हॉयसी हा वैद्य व भूगर्भशास्त्रज्ञही तेव्हाच या पथकात आला. हैदराबाद प्रदेशातील खडकांची पहिली शास्त्रीय पाहणी त्याने केली.

हे काम किती जिवावरचे होते, याची कल्पना १८१९ च्या पावसाळ्यावरून येते. उन्हाळ्यात हवा धुरकट असल्यामुळे लांबचे निशाण दिसत नसे. पावसाने हवा धुऊन निघाली म्हणजे वीस-तीस मैलांवरची टेकडी स्पष्ट दिसे. म्हणून लॅम्ब्टनने मोजणीसाठी पावसाळाच पसंत केला होता. पण त्याच दिवसांत रानात हिवतापाचा कहर असे. कृष्णा व गोदावरी यांच्यामधील जंगलात एव्हरेस्टचे जवळजवळ सगळे पथक तापाने आडवे झाले. हैदराबादेहून हत्ती व डोल्या पाठवून माणसांना परत आणावे लागले, आणि कित्येक जण वाटेतच दगावले. मेलेल्यांत निशाणे धरणारे, ओझी वाहणारे आणि रान तोडणारे लोक होते. त्यांची नावे कोणत्याही नकाशावर नाहीत. लॅम्ब्टन स्वतः २० जानेवारी १८२३ रोजी नागपूरकडे जाताना हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे.

पुढे एव्हरेस्टने मध्य भारतातील सिरोंज येथे १८२४-२५ मध्ये आधाररेषा मोजली. सिरोंजजवळचे कल्याणपूर हे ठाणे पुढे संपूर्ण देशाच्या नकाशांचा मूळ बिंदू ठरले. इंग्लंडहून त्याने पितळ व लोखंड यांच्या जोडपट्ट्यांची नवी साधने आणली. दोन धातू उष्णतेने निरनिराळ्या प्रमाणात वाढतात, याचा उपयोग करून या पट्ट्यांवरील खुणांमधले अंतर कायम राखले जाई. १८४१ मध्ये अँड्र्यू वॉ याने बीदरची आधाररेषा या पट्ट्यांनी पुन्हा मोजली. सिरोंजपासून शेकडो मैलांच्या त्रिकोणांवरून गणिताने काढलेली लांबी आणि जमिनीवर प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत केवळ काही इंचांचा फरक निघाला. या काळात यंत्रे दुरुस्त करून अचूक राखण्याचे काम अर्काटचे कारागीर सय्यद मीर मोहसिन हुसेन यांनी केले. १८४३ मध्ये त्यांची या खात्याचे गणिती उपकरणकार म्हणून नेमणूक झाली.

पठाराची अडचण, खोऱ्याची अडचण

त्रिकोणांची साखळी हा नकाशाचा सांगाडा होय. त्यात रक्तमांस भरण्याचे काम, म्हणजे गावे, वाटा, ओढे, टेकड्या दाखविण्याचे काम, स्थलनिर्देशक सर्वेक्षणाचे. त्यासाठी प्लेन टेबल हे साधे साधन वापरीत. तिकाटण्यावर बसविलेल्या सपाट फळीवर कागद ताणून लावावयाचा, त्यावर आधी पक्क्या केलेल्या टेकड्यांची ठिकाणे मांडावयाची, आणि दर्शकपट्टीने समोरच्या वस्तूचा रोख धरून जागच्या जागी रेघ ओढावयाची. दोन जागांवरून ओढलेल्या रेघा जेथे छेदतात तेथे ती वस्तू. नकाशा कचेरीत नव्हे, तर शिवारात उभे राहून तयार होई.

दख्खनच्या भूमीने या कामात दोन परस्परविरुद्ध अडचणी उभ्या केल्या. पठारावर दृष्टी लांब जाते, पण निशाण धरण्यासारखे शिखर नसते. लाव्हाच्या थरांमुळे टेकड्यांचे माथे सपाट आणि सारख्या उंचीचे. त्यामुळे एक टेकडी दुसरीपासून ओळखणे कठीण जाते. अशा ठिकाणी माथ्यावर दगडी चौथरा रचून, त्यावर काठी व निशाण उभारून कृत्रिम शिखर तयार करावे लागे. खोऱ्यात याच्या उलट. तेथे खुणा पुष्कळ. पण नदीकाठची झाडी, दरडी व वळणे यांमुळे फर्लांगभर पलीकडचे दिसत नाही. म्हणून नदीचा मार्ग होकायंत्राने दिशा घेत व साखळीने अंतर मोजीत, वळणामागून वळण असा चालत चालतच काढावा लागे. नकाशावर मांजरेची जी नागमोडी निळी रेषा दिसते, ती कोणीतरी पायांनी चालून काढलेली आहे.

शिवाय टेकडीचे नाव काय, ओढा कोणत्या गावचा, वाट पावसाळ्यात चालू असते की बंद, हे यंत्र सांगू शकत नाही. ते पाटील, कुळकर्णी, गुराखी आणि वाटाडे यांना विचारूनच लिहावे लागे. येथेच पुष्कळ गोंधळ झाले. जुन्या इंग्रजी नकाशांत बीदरचे ‘बेडर’ आणि नांदेडचे ‘नंदेर’ झालेले आढळते. १८७२ च्या सुमारास नावे लिहिण्याची ठरावीक पद्धत सरकारने स्वीकारली, तेव्हा मोठ्या गावांची नावे सुधारली. वाड्या, तांडे, माळ आणि ओढे यांची नावे मात्र जशी कानावर पडली तशीच पुष्कळ ठिकाणी राहिली.

शेताची मोजणी

डोंगरांची मोजणी चालू असतानाच मुंबई इलाख्यात शेतांच्या मोजणीची वेगळी पद्धत आकारास आली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून इंदापूर तालुक्यात केलेले काम तिचा पाया आहे. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला कायमचे स्वरूप दिले. प्रत्येक शेतास सर्व्हे नंबर, कोपऱ्यांवर हद्दीचे दगड, जमिनीचा पोत व खोली पाहून नऊ वर्ग आणि त्यावरून आकार, अशी तिची रचना होती. निजामाच्या राज्यात पहिल्या सालारजंगाने १८६५ मध्ये जिल्ह्यांची व्यवस्था लावली. त्यानंतर १८७० च्या दशकात मराठवाड्यात याच धर्तीवर पाहणी व जमाबंदीचे काम सुरू झाले.

या मोजणीचे हत्यार म्हणजे शंकुसाखळी. शंकू काटकोन दाखवितो आणि साखळी अंतर सांगते. साखळी तेहतीस फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली. एक साखळी लांब व एक साखळी रुंद एवढी जागा म्हणजे एक गुंठा; चाळीस गुंठ्यांचा एक एकर. हे कोष्टक खेड्यातील प्रत्येकाच्या तोंडी आहे. पण गुंठा हा साखळीच्या लांबीतून जन्मला, हे थोड्यांनाच ठाऊक असते. टिपण, आकारबंद, फाळणी हे शब्द त्या मोजणीचेच आहेत. महाराष्ट्रात सातबारा आणि बीदरकडे पहाणी अशी कागदाची नावे वेगळी असली, तरी दोहोंच्या बुडाशी तीच साखळी आहे.

दोन नकाशांचे मौन

याप्रमाणे एकाच भूमीचे दोन नकाशे तयार झाले, आणि ते दोन वेगळ्या खात्यांच्या कपाटांत राहिले. स्थलनिर्देशक नकाशा प्रथमतः फौजेच्या हालचाली, रस्ते व सरहद्दी यांच्यासाठी निघाला. त्यात उंची आहे, उतार आहे. शेताची हद्द नाही. गावनकाशा सारावसुलीसाठी निघाला. एका मैलास आठ इंच एवढ्या मोठ्या प्रमाणावर काढलेल्या त्या कागदात प्रत्येक नंबर आहे. परंतु जमीन चढते की उतरते याचा एका रेषेनेही उल्लेख नाही. एका नकाशाला गावकरी ठाऊक नाही आणि दुसऱ्याला पाणी ठाऊक नाही.

१९०४-०५ मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशीनंतर भारतीय सर्वेक्षण खात्याने एका मैलास एक इंच या प्रमाणावर रंगीत नकाशांची नवी मालिका हाती घेतली. तोपर्यंत डोंगर बारीक रेघांच्या छायेने दाखवीत. आता सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या तपकिरी समोच्च रेषा सर्वत्र आल्या. रेषा एकमेकींजवळ आल्या की कडा. दूर गेल्या की माळ. बीदरच्या पत्रकावर पठाराची कड या रेषांच्या दाट झालरीने चटकन ओळखू येते. मेट्रिक पद्धती आल्यावर प्रमाण पन्नास हजारांस एक असे झाले. म्हणजे नकाशावरील दोन सेंटिमीटर बरोबर जमिनीवरील एक किलोमीटर. परंतु समोच्च रेषांमधील अंतर बहुधा वीस मीटरांचे. शेताचा बांध वाहून नेणारा दोन हातांचा उतार त्या दोन रेषांच्या मधे हरवून जातो.

उंची, पाणी आणि वस्ती यांचा हिशेब एकत्र न मांडल्यास काय होते, हे हैदराबाद शहराने २८ सप्टेंबर १९०८ रोजी अनुभवले. मुसी नदीस आलेल्या त्या पुराने हजारो माणसांचे बळी घेतले. पुढच्या वर्षी निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. त्यांनी शहरातील नदीकडे पाहण्यापूर्वी शहराच्या वरचे सारे पाणलोट क्षेत्र तपासले. त्या क्षेत्रात सुमारे आठशे लहानमोठे तलाव होते आणि त्या अतिवृष्टीत दोनशेहून अधिक तलाव फुटले होते. एक फुटला की खालच्यावर भार, तो फुटला की त्याच्याही खालच्यावर. उपाय खाली भिंती बांधण्याचा नसून वर पाणी अडविण्याचा आहे, असे त्यांनी दाखवून दिले. उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय त्यातूनच उभे राहिले. मांजरेवरील निजामसागर धरण १९३१ मध्ये पूर्ण झाले. अशा प्रत्येक कामात बुडीत क्षेत्राची रेषा समोच्च रेषेवरूनच आखली जाते. आणि त्या रेषेच्या कोणत्या बाजूस आपले घर आहे, यावर कुटुंबाचे भवितव्य ठरते. नकाशा वाचता येणे हा पंडितांचा छंद नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

नकाशा साक्षीदार

१९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली आणि हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात आले. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद हे म्हैसूरकडे गेले. जहिराबाद व नारायणखेड आंध्र प्रदेशास मिळाले आणि आज तेलंगणात आहेत. जमिनीचे दप्तर तीन ठिकाणी विभागले. परंतु टोपोशीटवर पठार अखंडच राहिले. उदगीरच्या शिवारात पडलेला पाऊस भालकीच्या बाजूस उतरताना सरहद्द विचारीत नाही. ओढ्यावर बंधारा घालताना, रस्ता काढताना किंवा पूररेषा ठरविताना दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांनी एकच पत्रक टेबलावर पसरले, तर निम्मे गैरसमज तेथेच मिटतील.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने मांजरेची उपनदी तेरणा हिच्या काठची गावे उद्ध्वस्त केली. लातूर व धाराशिव या जिल्ह्यांतील बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. आज त्या भागातील जुने पत्रक उघडले, तर नदीकाठी गढी, देऊळ व घरांचा पुंजका यांसह जुने गाव अद्याप दिसते. वडिलांचे घर कोठे होते, हे नातवंडांना दाखविण्यासाठी तो कागद आहे. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचीही हीच कथा आहे. नवा नकाशा आला म्हणून जुना रद्दीत घालू नये, असे म्हणावयाचे कारण हेच.

आता करावयाचे काय?

आज मोजणीची साधने पार बदलली आहेत. उपग्रहांच्या साहाय्याने ठिकाण क्षणात कळते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी होऊ लागली, आणि २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशे तयार करण्यावरील व वापरण्यावरील जुनी बंधने पुष्कळशी सैल केली. तरीही ड्रोनला छप्पर दिसते, त्या आळीचे नाव दिसत नाही. म्हणून तीन गोष्टी प्रत्येक गावाने स्वतः करण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट शिक्षकांसाठी. शाळेत आपल्या भागाचे एक स्थलनिर्देशक पत्रक अवश्य असावे आणि मुलांनी ते शिवारात नेऊन वाचावे. निळी रेषा म्हणजे पाणी असलेला प्रवाह आणि काळी रेषा म्हणजे पावसाळ्यानंतर कोरडा पडणारा ओढा. दख्खनच्या पत्रकावर काळ्या रेषा किती अधिक आहेत, हे मुलांनी मोजून पाहिले तरी पाण्याचा एक धडा पुरा होईल. तलावाच्या बांधाशेजारी आकड्यापुढे लहान ‘आर’ हे अक्षर असते. तो आकडा समुद्रसपाटीपासूनची उंची नसून लगतच्या जमिनीपासूनची उंची होय. त्रिकोणाची खूण म्हणजे मोजणीचे ठाणे. अशी ओळख झाली की तो कागद बोलू लागतो.

दुसरी गोष्ट वडीलधाऱ्या ग्रामस्थांसाठी. माळ, बरड, लवण, दरा, खिंड, टेकाड, ओघळ, चिबड, पाणंद या शब्दांत जमिनीचे सूक्ष्म ज्ञान साठविलेले आहे. लवण म्हटले की पाणी कोठे झुकते ते कळते. चिबड म्हटले की पीक कोठे कुजेल ते कळते. वीस मीटरांच्या समोच्च रेषांना जे दिसत नाही ते या शब्दांना दिसते. प्रत्येक गावाने गावनकाशाची एक प्रत घेऊन, जाणत्या माणसांना बरोबर घेऊन शिवार फिरावे आणि ओढ्याओढ्याचे, माळामाळाचे नाव तीवर लिहून काढावे. बायकांना पाणवठ्यांची आणि गुराख्यांना वाटांची नावे अधिक ठाऊक असतात. त्यांना अवश्य विचारावे. मग त्याच प्रतीवर टोपोशीटवरील उतार व पाणलोटाची रेषा उतरवून घ्यावी. शेताचा नकाशा आणि डोंगराचा नकाशा अशा रीतीने एका कागदावर आले म्हणजे माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी कोठे अडवावे, याची चर्चा भांडणाने नव्हे, बोट ठेवून करता येईल.

तिसरी गोष्ट अधिकाऱ्यांसाठी व सर्वांसाठीच. टेकडीच्या माथ्यावर वर्तुळ व बिंदू कोरलेला दगड किंवा जुना चौथरा आढळल्यास तो हलवू नये. त्याच्याखाली कोणतेही गुप्तधन पुरलेले नसते. मुरूम काढताना, मनोरे उभारताना किंवा खाणीसाठी टेकडी फोडताना अशा खुणा नकळत नष्ट होतात. हद्दीच्या दगडांची स्थिती तर त्याहून वाईट आहे. नांगराच्या प्रत्येक फेरीबरोबर सरकणारा दगड पुढच्या पिढीला कोर्टाची पायरी दाखवितो. मोजणीची खूण ही सरकारी मालमत्ता आहे हे खरे. परंतु तिचे रक्षण केल्याने फायदा गावाचाच होतो.

तापाने मेलेल्या त्या निशाणवाल्यांनी आणि शिवार तुडविणाऱ्या मोजणीदारांनी मागे ठेवलेला हा वारसा आहे. त्यांनी मोजले ते राज्यकर्त्यांच्या गरजेसाठी. त्याच मोजणीचा उपयोग आपल्या विहिरी, आपले बांध आणि आपली शीव यांच्यासाठी करून घेणे आता आपल्या हाती आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक शाळेने व प्रत्येक ग्रामपंचायतीने निदान एका ओढ्याचा असा नकाशा पुरा करावा, एवढीच विनंती करून हे व्याख्यान येथे संपविणे उचित होईल.